पाण्याच्या घरी जावईबापू

त्या शनिवारी सकाळी जयमालाबाई हिवाळ्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तो चहा नवऱ्याला दिला, आणि इंद्रभानचं तोंड वाकडं झालेलं पाहून माफी मागायची सोडून त्या पोट धरधरून हसल्या. देऊळघाटच्या त्या घरात चार दिवस हेच चाललं होतं. मंगळवारी तव्यावर भाकरी टाकून बाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बुधवारी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बुलढाण्याच्या ऑटोत बसल्या. आनंद माणसाला इतकं खुळं करतो हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात त्या एकोणतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. येत्या मे महिन्यात रिटायर व्हायच्या होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन प्रयोगशाळा उघडायची, काचसामान धुवायचं, मोठ्या बाटल्यांतली ॲसिडं पातळ करून छोट्या बाटल्यांत भरायची आणि टेबलांवर मांडायची, असं त्यांचं काम होतं. मुलं यायच्या आत हे सगळं उरकलेलं असे. त्यामुळे मुलांना वाटायचं की बाटल्या जन्मतःच भरलेल्या असतात. प्राध्यापकांनाही तसंच वाटत असावं.

इंद्रभानचं तर विचारूच नका. तीन एकर कोरडवाहू करणारा हा गडी मनानं सरळ, पण त्याच्या लेखी नोकरी म्हणजे एक तर पोलिसाची, नाही तर मास्तरची. बायको काय करते असं कोणी विचारलं की तो सांगायचा, "आमची बाटल्या धुवाले जाते." त्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं, आणि जयमालाबाईंना नेमकं तेच लागायचं.

म्हणून सोमवारी विभागप्रमुख वंदना मॅडमनी बोलावून सांगितलं तेव्हा बाईंच्या पायाखालची फरशी हलली. जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांसाठी प्रयोगशाळेतल्या सुरक्षेची एक दिवसाची कार्यशाळा कॉलेजात होणार होती. शंभर शिक्षक येणार होते. त्यांच्यासमोर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पातळ करून दाखवायचं होतं, आणि मॅडम म्हणाल्या, "ते तुम्हीच करा. या इमारतीत ते तुमच्याइतकं कोणाला येत नाही." बाई घरी आल्या आणि चपला न काढता इंद्रभानसमोर उभ्या राहिल्या. शनिवारी कॉलेजात यायचं, मागच्या खुर्चीवर बसायचं आणि पाहायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. इंद्रभान म्हणाला की हरभरा काढायला आलाय, जमणार नाही. पण गुरुवारी त्यानं सदरा इस्त्रीला टाकला, तेव्हा बाई काय समजायचं ते समजल्या.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. जयमालाबाईंच्या प्रयोगशाळेत रसायनांना नाती होती. अमोनिया म्हणजे विहीणबाई. उन्हाळ्यात हिचं डोकं तापलेलं असतं. म्हणून आधी तिला थंड पाण्याच्या टबात अर्धा तास बसवायचं, मग तिच्या समोर न येता, तोंड बाजूला करून बूच हळूच सैल करायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे मेहुणे. विहीणबाई आणि मेहुणे एका फळीवर ठेवले की दोघांच्या बोलण्यातून पांढरा धूर निघतो, म्हणून त्यांची कपाटं वेगळी. आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड म्हणजे साक्षात जावईबापू. त्यांची जागा सगळ्यात खालच्या फळीवर, वाळूच्या ट्रेमध्ये. डोक्याच्या वर कधीच नाही, कारण वरून कोसळले तर काही उरत नाही.

जावयाला पाण्यात मिसळायचं तर रीत एकच होती. जावई पाण्याच्या घरी जातो. सावकाश, एकेक पाऊल टाकत, मानानं. पाणी जावयाच्या घरी जात नाही. बोलावणं नसताना सासऱ्यानं जावयाच्या दारात जाऊन ठाण मांडलं तर काय होतं ते ज्याला त्याला माहीत आहे. ॲसिडावर पाणी ओतलं की पाणी वरच्या वर उकळतं आणि ॲसिड घेऊन तोंडावर उडतं. एकोणतीस वर्षांत या प्रयोगशाळेतल्या एकाही पोरानं ते उलटं केलं नव्हतं. पुस्तकातला नियम परीक्षेनंतर विसरतो, पण आपल्याकडे जावयाचा मान कोण विसरेल?

वंदना मॅडमना हे अजिबात पसंत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बदलून आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की रसायनांना रसायनांची नावं असतात, आणि सगळ्या बाटल्यांना छापील चिठ्ठ्या लावल्या. जयमालाबाईंनी त्या चिठ्ठ्या प्रेमानं स्वच्छ ठेवल्या आणि मुलांना हळू आवाजात नाती शिकवत राहिल्या.

शनिवारी बाईंनी पेटीतली नवी निळी साडी काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा इतका वास होता की ऑटोतली एक म्हातारी सरकून ड्रायव्हरच्या बाजूला गेली. त्या गोळ्या इंद्रभानच्या. बाईंच्या सुती साड्यांना बारीक बारीक भोकं पडायची, त्याचं खापर त्यानं कसरीवर फोडलं होतं. वर्षातून दोनदा तो गोळ्यांची पुडी आणायचा आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकायचा. भोकं काही थांबली नाहीत. त्यानं गोळ्या वाढवल्या.

कॉलेजच्या सभागृहात साडेनऊची वेळ दिलेली होती. मंचावरच्या टेबलावर बाईंनी सगळं मांडून ठेवलं. थंड पाण्याच्या परातीत बसवलेला पाण्याचा मोठा बीकर, दुसऱ्या बीकरमध्ये थोडं ॲसिड, काचेची कांडी, चष्मे, हातमोजे. मागच्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात इंद्रभान बसला होता. कोणी चहाचा कप पुढे केला की तो आधी इकडेतिकडे पाहत होता, जणू हा आपल्यासाठी नसेल. बाईंचं हसू तोंडात मावेना. त्यांनी चष्मा आधी उलटा लावला, मग सुलटा.

प्रमुख पाहुणे अकरा वाजता आले. वडनेर भोलजीचे शंकरराव, संस्थेचे उपाध्यक्ष. चांगला जमीनजुमला असलेला, मोकळ्या मनाचा माणूस, पण फीत कापणं आणि नारळ फोडणं हा त्यांचा जोडधंदा होऊन बसला होता. बोअरवेलपासून ब्यूटी पार्लरपर्यंत तालुक्यात त्यांच्या हाताशिवाय काही सुरू होत नसे. त्यांना फेटा बांधला, शाल पांघरली, गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार घातला. दीपप्रज्वलनासाठी समई आणि पाण्यानं भरलेला तांब्याचा तांब्या आणला आणि प्राचार्यांनी दोन्ही नेमकं बाईंच्या टेबलावर ठेवलं, कारण मंचावर दुसरं टेबल नव्हतं.

समई लागली. आणि मग प्राचार्यांना ती कल्पना सुचली. हात उंचावून ते माइकमध्ये म्हणाले की आजच्या प्रात्यक्षिकाचं उद्घाटनही साहेबांच्याच शुभहस्ते व्हावं. टाळ्या पडल्या. आपल्याकडे पाहुण्याच्या हस्ते काहीही करता येतं, अगदी ॲसिडही ओतता येतं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वंदना मॅडम प्राचार्यांच्या कानाशी लागल्या. प्राचार्य हसत म्हणाले की दोन मिनिटांचं काम आहे, पाहुण्यांचा मान राहू द्या.

जयमालाबाईंचं तोंड पडलं. आता त्या नुसत्या टेबलाशेजारी उभ्या राहणार होत्या, नेहमीसारख्या. समोर पाहिलं तर मागच्या रांगेत इंद्रभान उठला होता. खुर्ची नीट सरकवून तो दाराकडे निघाला होता. त्याला साडेअकराचा ऑटो मिळाला असता आणि दिवस मावळायच्या आत दोन ओळी हरभरा उपटून झाला असता. त्याचं काही चुकत नव्हतं. जे पाहायला बोलावलं होतं ते आता घडणार नव्हतं. बाईंचं मन इतकं खट्टू झालं की क्षणभर त्यांना टेबलावर काय आहे तेही दिसेना.

शंकरराव पुढे आले. समोर दोन बीकर आणि एक तांब्या. जलपूजन म्हणा, भूमिपूजन म्हणा, या माणसानं आयुष्यभर तांब्यातून पाणीच सोडलेलं. हात आपसूक तांब्याकडे गेला. तांब्या उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि ॲसिडाच्या बीकरवर तांब्या तिरका केला.

जयमालाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं.

प्राचार्यांचा हात हवेतच राहिला. एका परिचर बाईनं संस्थेच्या उपाध्यक्षांचा हात धरला होता, तोही मंचावर, तोही फोटो निघत असताना. माइक तिथेच होता, त्यामुळे पुढचं सगळं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "जावई पान्याच्या घरी जाते. पानी जावयाच्या घरी जात नाई."

शंकररावांनी मनगटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "जावई कोन?"

"हे." बाईंनी मानेनं ॲसिडाचा बीकर दाखवला.

"आन पानी?"

"पानी म्हंजे सासरा."

शंकरराव विचारात पडले. त्यांची लेक करिष्मा मलकापूरला दिली होती. तीन वर्षं झाली, पण जुन्या रीतीनं त्यांनी अजून लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. उभ्या उभ्या भेटून ते परत येत. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मग त्यांनी ते माइकमध्ये बोलूनही दाखवलं. म्हणाले, मी स्वतः अजून पोरीच्या घरी पाणी पीत नाही, आणि इथं थेट जावयाच्या घरात तांब्या घेऊन घुसत होतो. शंभर शिक्षक खो खो हसले. वंदना मॅडमही हसल्या, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन पुन्हा हसल्या.

"घुसलो असतो तं काय झालं असतं?" शंकररावांनी विचारलं.

"जावई उसळला असता. सरळ तुमच्या तोंडावर."

शंकररावांनी तांब्या खाली ठेवला, इतका जपून की जणू तोच फुटणार आहे. मग म्हणाले, "तं मंग हे काम तुमचंच हाय. करा तुम्ही. मी इथून पाहातो."

पण जयमालाबाईंना आता कोण आवरणार? त्यांनी आधी समई टेबलावरून हलवायला लावली. मग शंकररावांना दोन पावलं मागं सरायला सांगितलं. मग हार काढायला सांगितला, लोंबणारी कुठलीच वस्तू ॲसिडाजवळ चालत नाही म्हणून. मग शाल. मग फेट्याचा शेमला आत खोचायला लावला. शेवटी त्यांना प्लास्टिकचा मोठा चष्मा दिला. एकेक मान उतरवून उपाध्यक्ष चष्म्याआडून डोळे मिचकावत उभे राहिले आणि अगदी खूश दिसत होते. प्राचार्यांनी न सांगताच आपला टाय शर्टात कोंबला.

दारापर्यंत पोचलेला इंद्रभान तिथेच थबकला होता. माइकवरचा तो आवाज रोज त्याला चहाला हाक मारणारा होता, तरी इथं तो ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

बाईंनी हातमोजे चढवले. आणि गंमत पाहा, चार दिवस ज्या हातांनी चहात मीठ घातलं ते हात बीकर उचलताच एकदम शांत झाले. ॲसिडाची बारीक धार त्यांनी कांडीवरून पाण्यात सोडली. थोडीशी धार, मग थांबणं, मग कांडीनं ढवळणं, मग पुन्हा थोडी धार. घाईचं नाव नाही. बोलणं चालूच होतं. जावई आला की एकदम ताट वाढायचं नाही, आधी पाणी, मग बसायला द्यायचं, मग दोन शब्द. एकेक टप्पा झाल्याशिवाय पुढचा नाही. परातीतल्या गार पाण्यात बीकर बसवला आहे तो याचसाठी, कारण जावई कितीही गोड बोलला तरी आतून तापतोच.

एका शिक्षकानं विचारलं की मग अंगावर ॲसिड उडालं तर पाणी लावायचं की नाही. बाई म्हणाल्या की लावायचं, भरपूर, नळाखाली धरून, पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून, आणि उडालेला कपडा लगेच काढून टाकायचा. चूळभर पाण्यानं जावई चिडतो, पण सगळ्या गावाचं पाणी आलं की मुकाट्यानं वाहून जातो. त्या शिक्षकानं हे वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी पिशवीतून जुन्या साडीचं एक फडकं काढलं. पिवळ्या जमिनीवर हिरवी फुलं. ड्रॉपरनं त्यावर पातळ केलेल्या ॲसिडाचा एक बारीक थेंब सोडला. एप्रन का घालायचा ते यासाठी, त्या म्हणाल्या. आता डाग एवढासाच दिसेल, लक्षातही येणार नाही, पण एकदा धुतलं की तिथं भोक पडणार. त्यांनी फडक्यावरची आधीची भोकं उजेडापुढे धरून दाखवली. परिचरांना एप्रन मिळायला लागले ते अलीकडे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी बाईंनी बीकर परातीतून उचलून त्याची बाहेरची बाजू ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरडी केली, आणि सगळ्यांनी ओळीनं यावं, बाहेरून हात लावून पाहावा असं सांगितलं. बीकरखाली विस्तव नाही, तरी तो तापला होता. शिक्षक एकेक करून येत होते, हात लावून "अरे" म्हणत होते आणि लहान पोरांसारखे परत ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहत होते. शंकररावांनी तीनदा हात लावला.

ओळीच्या अगदी शेवटी इंद्रभान आला. त्यानं तळहात काचेला टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्याची नजर टेबलावरच्या फडक्याकडे गेली. ती साडी त्यानं चिखलीच्या बाजारातून आणली होती. कसरीनं खाल्ली म्हणून तिचं फडकं झालं, असं तो इतकी वर्षं समजत होता.

"हे रोज करते तू?" त्यानं विचारलं.

"हाव."

जेवणाच्या सुट्टीत शंकररावांनी इंद्रभानला शेजारी बसवून घेतलं आणि बायकोचं कौतुक केलं, तेव्हा तो नुसता मान हलवत राहिला. वंदना मॅडम बाईंजवळ आल्या आणि उगाच पदर सारखा करत म्हणाल्या की ती विहीणबाई, मेहुणे वगैरे सगळी यादी सोमवारी त्यांना लिहून हवी आहे. बाईंना इतकं हसू आलं की बालूशाहीच्या घासाचा ठसका लागला.

संध्याकाळच्या ऑटोत दोघं शेजारी बसले. ऑटो नेहमीसारखा ठासून भरलेला. बाईंच्या साडीला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि पुढची माणसं रुमाल नाकाला लावून होती. बाईंचं मन मात्र ऑटोच्या टपावर बसून चाललं होतं. गाव जवळ यायला लागलं तेव्हा इंद्रभान बोलला.

"म्हंजे कसर नव्हती तं."

"नव्हती."

"इतके वर्सं गोया आनल्या म्या. सांगतलं काऊन नाई?"

बाईंनी बाहेर पाहिलं. हे उत्तर त्यांच्याकडे पहिल्या भोकापासून तयार होतं. "तुम्ही नोकरी सोडाले लावली असती."

खोटं बोलायचा इंद्रभानचा स्वभाव नव्हता. "हाव," तो म्हणाला. "लावली असती."

मग भरल्या ऑटोत, गावातल्या माणसांसमोर, त्यानं बायकोचा हात हातात घेतला. देऊळघाटला असं कोणी करत नाही. त्यानं तो हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बाही मनगटाच्या वर सारली, मग दुसरा हात मागितला आणि तोही तसाच तपासला. कुठे डाग नव्हता, कुठे चट्टा नव्हता.

"एकबी नाई?"

"एकबी नाई," जयमालाबाई म्हणाल्या. "साड्याच खाल्ल्या त्यानं."

समोरच्या माणसानं विचारलं की आज दोघं जोडीनं कुठे गेले होते. इंद्रभाननं सांगितलं की आमची कॉलेजात ॲसिड पातळ करते, ते पाहायला गेलो होतो. मग गाव येईपर्यंत त्यानं जावई पाण्याच्या घरी कसा जातो ते अख्ख्या ऑटोला समजावून सांगितलं. दोन ठिकाणी चुकला, आणि बाईंनी त्याला दुरुस्त केलं.